घोषणेतला कोटी आणि ठाण्यातला संगणक : मुलांच्या ऑनलाइन सुरक्षेवरचा सरकारी पैसा कसा तपासायचा

'सायबर गुन्ह्यांपासून बालकांच्या संरक्षणासाठी इतके कोटी मंजूर' अशी बातमी वर्षातून दोन-चारदा येते. हा पैसा पुढे कुठे गेला, त्यातून कोणती प्रणाली उभी राहिली आणि ती चालवायला माणूस आहे का, हे मात्र क्वचितच कोणी विचारतं. नव्याने गुन्हेवार्ता पाहणारे वार्ताहर, बालहक्क संस्थांत नुकतेच रुजू झालेले कार्यकर्ते, कायद्याचे विद्यार्थी यांच्यासाठी हा लेख आहे. यातलं बहुतेक काम घरबसल्या होतं. लागतो तो चिवटपणा, आणि सरकारी कागद न कंटाळता वाचायची तयारी.

आधी एक सक्त सूचना. या विषयावर काम करताना मुलांचं आक्षेपार्ह चित्र किंवा व्हिडिओ 'पुरावा म्हणून' स्वतःजवळ ठेवायचा नाही, कोणाला पाठवायचा नाही, पोलिसांना दाखवण्यासाठी स्क्रीनशॉटही काढायचा नाही. मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याच्या कलम १५ खाली असं साहित्य बाळगणं हाच गुन्हा ठरू शकतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ ब आहेच. सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात यातली उरलीसुरली संदिग्धता संपवली. असं काही समोर आलंच तर लिंक किंवा खात्याचं नाव टिपून राष्ट्रीय सायबर क्राइम रिपोर्टिंग पोर्टलवर तक्रार करा. मुलांसंबंधीच्या अशा साहित्याची तक्रार तिथे नाव न देताही करता येते. १९३० हा क्रमांक मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे, त्यामुळे त्यावर वेळ घालवू नका. मूल संकटात असेल तर १०९८ ही बाल मदतवाहिनी.

पायरी १ : कोणत्या प्रणालीबद्दल बोलतोय ते ठरवा

नवख्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. 'पोलिसांचा डेटाबेस' असं एकच काही नसतं. सीसीटीएनएस ही पोलीस ठाण्यांतली एफआयआरपासूनची सगळी नोंद जोडणारी देशव्यापी प्रणाली. केंद्राने ती २००९ मध्ये मंजूर केली, तेव्हाचा खर्च २,००० कोटी. ती मुलांसाठी म्हणून केलेली नाही, पण बाकीच्या बऱ्याच गोष्टी तिच्यावर उभ्या आहेत. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद, म्हणजे एनडीएसओ, २० सप्टेंबर २०१८ ला सुरू झाली. ती फक्त तपास यंत्रणांना दिसते, आपल्याला नाही. त्याच दिवशी सायबर तक्रारींचं पोर्टलही सुरू झालं. सुरुवातीला ते महिला आणि बालकांविषयीच्या अश्लील साहित्याच्या तक्रारींपुरतं होतं. ऑगस्ट २०१९ पासून सगळ्याच सायबर गुन्ह्यांना खुलं झालं. आयटीएसएसओ ही लैंगिक गुन्ह्यांचा तपास मुदतीत होतो की नाही हे पाहणारी प्रणाली २०१९ मधली. याशिवाय सीबीआयने १४ नोव्हेंबर २०१९ ला मुलांच्या ऑनलाइन लैंगिक शोषणाच्या तपासासाठी वेगळा विभाग काढला, आणि २०२२ मध्ये भारत इंटरपोलच्या आयसीएसई या आंतरराष्ट्रीय प्रतिमासंग्रहाला जोडला गेला. असा जोडला जाणारा तो ६८ वा देश.

या प्रत्येकाचा खर्च वेगळ्या ठिकाणी नोंदला जातो. 'मुलांच्या ऑनलाइन सुरक्षेवर एकूण किती खर्च' या प्रश्नाला एका ओळीचं उत्तर कोणत्याही अर्थसंकल्पात मिळणार नाही. कोणी तसं उत्तर देत असेल तर त्याने काय-काय मिळवून बेरीज केली ते आधी विचारा.

पायरी २ : एका सूचनेचा प्रवास समजून घ्या

पैशाकडे वळण्याआधी हे नीट समजलं पाहिजे, नाहीतर पैसा कशासाठी लागतो हेच कळत नाही.

समाजमाध्यमांच्या बहुतेक मोठ्या कंपन्या अमेरिकन. तिथल्या कायद्यानुसार बालशोषणाचं साहित्य त्यांच्या नजरेस आलं तर त्यांना ते नॅशनल सेंटर फॉर मिसिंग अँड एक्सप्लॉइटेड चिल्ड्रेन, म्हणजे एनसीएमईसी या संस्थेला कळवावंच लागतं. अशा प्रत्येक खबरीला इथे 'सूचना' म्हटलं आहे. संस्था व्हर्जिनिया राज्यातली, तिची सायबर टिपलाइन १९९८ पासूनची. सूचनेतला इंटरनेट जोडणीचा क्रमांक, म्हणजे आयपी अ‍ॅड्रेस भारतातला निघाला की ती भारताकडे येते. त्यासाठी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने, म्हणजे एनसीआरबीने, २६ एप्रिल २०१९ ला या संस्थेशी सामंजस्य करार केला. एनसीआरबीकडून सूचना सुरक्षित जोडणीवरून राज्यांना जाते. महाराष्ट्रात ती महाराष्ट्र सायबर या राज्याच्या सायबर गुन्हे यंत्रणेकडे येते आणि तिथून जिल्ह्याला. या सूचनांवरच्या कारवाईला राज्यात 'ऑपरेशन ब्लॅकफेस' असं नाव दिलं गेलं.

३१ मार्च २०२४ पर्यंत अशा ६९.०५ लाखांहून अधिक सूचना राज्यांना पाठवल्याचं केंद्राने सांगितलं आहे. हा आकडा दिसला की नवख्याचा हात मथळा लिहायला शिवशिवतो. जरा थांबा. ६९ लाख सूचना म्हणजे ६९ लाख गुन्हेगार नव्हेत, ६९ लाख पीडित मुलं तर नव्हेतच. एकच व्हिडिओ संतापून शेकडो लोकांनी पुढे ढकलला तर त्याच्याही शेकडो सूचना होऊ शकतात. या आकड्यावरून कळतो तो कामाचा ढीग, आणि तो ढीग उपसायला प्रणाली लागते.

आता एक सूचना हातात घेऊ. तीत एक आयपी अ‍ॅड्रेस आहे आणि वेळ आहे : २०:१५, यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे, म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवसाची पहाट, १ वाजून ४५ मिनिटं. मोबाइल कंपन्या एकच आयपी एका वेळी अनेक ग्राहकांना वाटून देतात आणि तो सतत फिरता असतो. वेळ भारतीय धरून मोबाइल कंपनीकडे विचारणा केली तर उत्तर भलत्याच माणसाचं येतं आणि पोलीस भलत्याच घराचं दार ठोठावतात. बरोबर वेळ धरली तरी कंपनीकडे नोंद शिल्लक हवी. दूरसंचार परवान्याच्या अटींत डिसेंबर २०२१ मध्ये बदल झाला आणि अशा नोंदी किमान दोन वर्षं ठेवणं बंधनकारक झालं. सूचना एखाद्या कार्यालयात वर्ष-दीड वर्ष पडून राहिली तर तपासाचा पायाच निसटायला लागतो.

म्हणजे सॉफ्टवेअर विकत घेणं हा खर्चाचा एक भाग झाला. सूचना आल्या दिवशी उघडून वाचणारा, खऱ्या धोक्याची वेगळी काढणारा, यूटीसीचं गणित न चुकणारा माणूस पगारावर असणं हा दुसरा भाग. अर्थसंकल्पावरच्या चर्चेत पहिल्याचा गाजावाजा होतो. घोडं पेंड खातं ते दुसऱ्यात.

पायरी ३ : पैसा कोणत्या नळातून येतो ते शोधा

केंद्राचा मुख्य स्रोत निर्भया निधी. २०१३ च्या अर्थसंकल्पात १,००० कोटींनी त्याची सुरुवात झाली. प्रस्ताव तपासण्याचं काम महिला व बालविकास मंत्रालयाच्या सचिवांच्या अध्यक्षतेखालील समिती करते, निधी अर्थ मंत्रालयाच्या अखत्यारीत आणि योजना मात्र वेगवेगळी मंत्रालयं राबवतात. आपल्याला हवी असलेली योजना गृह मंत्रालयाची : सीसीपीडब्ल्यूसी, महिला व बालकांविरुद्धच्या सायबर गुन्ह्यांना प्रतिबंध करणारी. राज्यांना सायबर न्यायवैद्यक प्रयोगशाळा, कनिष्ठ सायबर सल्लागार आणि प्रशिक्षण यांसाठी पैसा मिळतो तो या योजनेतून.

२१ फेब्रुवारी २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने महिला सुरक्षेची छत्रयोजना चालू ठेवायला मंजुरी दिली. २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी १,१७९.७२ कोटी. त्यातले ८८५.४९ कोटी गृह मंत्रालयाच्या स्वतःच्या तरतुदीतून, २९४.२३ कोटी निर्भया निधीतून. पण या छत्राखाली ११२ क्रमांकाची सेवा, डीएनए प्रयोगशाळा, महिला मदतकक्ष, मानवी तस्करीविरोधी पथकं आणि सीसीपीडब्ल्यूसी असे सगळेच आहेत. 'मुलांच्या सायबर सुरक्षेला १,१८० कोटी' असं कोणी लिहिलं तर त्याने छत्रीची किंमत एकट्या दांड्याच्या नावावर लिहिली. आय४सी, म्हणजे भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्र, हा आणखी वेगळा नळ. २०१८ मध्ये त्याला ४१५.८६ कोटींची मंजुरी मिळाली, आणि १ जुलै २०२४ पासून ते गृह मंत्रालयाचं संलग्न कार्यालय झालं.

राज्याकडे पाहा. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये सुमारे ८३७ कोटींच्या सायबर सुरक्षा प्रकल्पाला मान्यता दिली. तो सगळ्या सायबर गुन्ह्यांसाठी आहे. बँक फसवणुकीपासून सगळं त्यात येतं, त्यामुळे त्यातला बालकांचा वाटा काढायचा तर निविदेतल्या कामांची यादीच वाचावी लागते. गोव्यात प्रश्न आटोपशीर असतो, कारण तिथे हे काम मुख्यतः रायबंदरच्या सायबर गुन्हे पोलीस ठाण्यात एकवटलेलं आहे.

अमेरिकन अहवाल वाचणाऱ्यांसाठी एक आडवळण. तिकडे १९९८ पासून मुलांविरुद्धच्या इंटरनेट गुन्ह्यांचा तपास करणाऱ्या आयसीएसी कृतिदलांना केंद्र सरकार अनुदान देतं, अशी ६१ कृतिदलं आहेत. २००८ च्या कायद्यात तर तपास यंत्रणांसाठीची राष्ट्रीय माहिती प्रणाली नाव घेऊन लिहिली आहे आणि तिच्यासाठी दरवर्षी २० लाख डॉलरची मुभाही. पण तिकडे कायद्यात लिहिलेली रक्कम ही फक्त कमाल मुभा असते. खरोखर किती द्यायचे ते तिथली संसद, म्हणजे काँग्रेस, दरवर्षी वेगळं ठरवते. पहिला आकडा खर्च म्हणून उचलणारे लेख मराठीतही पाहिलेत.

पायरी ४ : तीन रकाने आणि संसदेतली उत्तरं

केंद्रीय अर्थसंकल्पात गृह मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागण्या उघडा. पोलिसांची मागणी वेगळी असते. प्रत्येक ओळीपुढे अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च असे रकाने असतात. बातमी येते ती पहिल्यावर. प्रत्यक्ष खर्चाचा रकाना दोन वर्षांनी भरतो, तोवर बातमी देणारा दुसऱ्या खात्यात बदलून गेलेला असतो. म्हणून एक साधी वही ठेवा. दर फेब्रुवारीत त्याच ओळीचे तिन्ही आकडे त्यात उतरवा. तीन वर्षांच्या नोंदी झाल्या की पहिला आकडा किती खरा मानायचा ते कळायला लागतं. खर्चाच्या विवरणपत्रांतलं १२ वं विवरण मुलांसाठीच्या तरतुदींचं असतं. पोलिसांची कोणती योजना त्यात धरली आहे, की धरलीच नाही, तेही बघून ठेवा.

मला विचाराल तर अर्थसंकल्पाहून जास्त माल संसदेतल्या प्रश्नोत्तरांत असतो. अतारांकित, म्हणजे फक्त लेखी उत्तर मिळणाऱ्या प्रश्नांची उत्तरं संसदेच्या संकेतस्थळावर शोधता येतात आणि राज्यनिहाय तक्ते जोडपत्रात असतात. ही उत्तरं बहुतेक साचेबंद असतात, पण साच्यातला एखादाच आकडा बदललेला असतो. बघायचं तेच. सीसीपीडब्ल्यूसीखाली राज्यांना दिलेला पैसा २०२२ मधल्या उत्तरांत ९९.८८ कोटी आहे, प्रयोगशाळा २८ राज्यांत. २०२३ मधल्या उत्तरांत १२२.२४ कोटी, प्रयोगशाळा ३३ राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांत. त्यानंतरच्या उत्तरांत १३१.६० कोटी, प्रयोगशाळा ३३ च. पहिल्या टप्प्यात २२.३६ कोटी वाढले आणि प्रयोगशाळाही वाढल्या. दुसऱ्यात ९.३६ कोटी वाढले, प्रयोगशाळा मात्र तेवढ्याच. हे पैसे प्रशिक्षणाला गेले, सल्लागारांच्या मानधनाला गेले, की जुन्या मंजुरीचा उरलेला हप्ता होता? यात गैर काही आहे असं मुळीच नाही. पण तुमचा पहिला नेमका प्रश्न तयार झाला, आणि तो कोणत्याही सर्वसाधारण 'किती खर्च केला' पेक्षा सरस आहे.

शिवाय 'दिले' याचा अर्थ 'खर्च झाले' असा नाही. केंद्राने दिलेल्या अनुदानाचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, राज्याने द्यायचं असतं, त्याचा नमुना सर्वसाधारण वित्तीय नियम २०१७ मधला १२-सी. मागचं प्रमाणपत्र अडलं की पुढचा हप्ता अडतो. केंद्र म्हणतं राज्याने हिशेब दिला नाही, राज्य म्हणतं केंद्राने पैसे दिले नाहीत, आणि दोघंही खरं बोलत असतात.

पायरी ५ : शासन निर्णय उलटा वाचा

महाराष्ट्रात पैसा हलला की शासन निर्णय निघतो, म्हणजे जीआर. राज्याच्या संकेतस्थळावर गृह विभाग निवडा आणि 'सायबर' हा शब्द टाकून बघा. नाही सापडलं तर 'न्यायसहायक', 'पोलीस दल आधुनिकीकरण', 'निर्भया' हेही टाका. बऱ्याचदा विषयाच्या ओळीत मुलांचा उल्लेखच नसतो.

जीआर हातात आला की प्रस्तावना सोडा. ती मागच्या जीआरवरून जशीच्या तशी उतरवलेली असते. सगळ्यात आधी वरची 'वाचा' ही यादी बघा : केंद्राचं कोणत्या तारखेचं पत्र, पोलीस महासंचालक कार्यालयाचं कोणतं पत्र, वित्त विभागाचं कोणतं परिपत्रक. केंद्राच्या पत्राची तारीख आणि जीआरची तारीख यांतलं अंतर म्हणजे पैसा मंत्रालयात किती दिवस बसला त्याचं माप. मग थेट शेवटाकडे जा. तिथे 'सदर खर्च खालील लेखाशीर्षाखाली भागविण्यात यावा' असं काहीसं वाक्य असतं. लेखाशीर्ष, म्हणजे खर्च ज्या खात्यावर नोंदला जातो त्याचा क्रमांक, २०५५ ने सुरू होत असेल तर तो पोलिसांचा महसुली खर्च : पगार, मानधन, देखभाल. ४०५५ असेल तर भांडवली : इमारत, मोठी यंत्रसामग्री. आहरण व संवितरण अधिकारी, म्हणजे कोषागारातून पैसे काढून ते वाटणारा अधिकारी, कोण ते टिपा. पुढे माहिती अधिकारात विचारायचं ते त्याच कार्यालयाला. शेवटी जीआरचा लांबलचक संकेतांक असतो, तोही वहीत उतरवा, कारण नंतर शोधायला नाव नाही, तोच कामाला येतो.

वर्षानुवर्षं ४०५५ मध्ये जीआर निघतायत आणि २०५५ मध्ये सल्लागारांच्या मानधनाचा किंवा परवान्याच्या नूतनीकरणाचा मागमूस नाही, असं दिसलं तर तिथे थांबा आणि खोल जा. मोबाइलमधला डेटा काढणाऱ्या न्यायवैद्यक सॉफ्टवेअरचे परवाने ठरावीक मुदतीचे असतात. नूतनीकरण चुकलं तर नव्या फोनपुढे यंत्र हतबल होतं. फीत कापल्याचा फोटो मात्र भिंतीवर राहतो.

मार्चअखेरचे जीआर वेगळे काढा. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात काढलेला पैसा त्याच वर्षी खर्च होणं अवघडच. आणि नागपूरच्या हिवाळी अधिवेशनातल्या पुरवणी मागण्या विसरू नका. मूळ अर्थसंकल्पात नसलेलं बरंच काही तिथून आत येतं.

पायरी ६ : माहिती अधिकार

कागदावर जे सापडलं नाही त्यासाठी अर्ज. महाराष्ट्रात अर्ज जोडपत्र 'अ' मध्ये, १० रुपये शुल्क, एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. नवखे इथे अडखळतात, चार पानी निबंध लिहितात आणि अर्ज फेटाळला जातो. 'का' विचारू नका, कागद मागा. साधारण असा :

'सीसीपीडब्ल्यूसी योजनेअंतर्गत केंद्र शासनाकडून दि. १ एप्रिल २०२० ते ३१ मार्च २०२५ या कालावधीत प्राप्त निधीबाबत : (१) वर्षनिहाय प्राप्त रक्कम व प्राप्त झाल्याचा दिनांक, (२) केंद्रास सादर केलेल्या उपयोगिता प्रमाणपत्रांच्या छायांकित प्रती, (३) कनिष्ठ सायबर सल्लागारांची मंजूर व प्रत्यक्ष भरलेली पदे, वर्षनिहाय, (४) प्रयोगशाळेतील सॉफ्टवेअर परवान्यांची मुदत संपल्याचे व नूतनीकरणाचे दिनांक.'

एवढं पुरे. यात कोणत्याही प्रकरणाची माहिती मागितलेली नाही हे लक्षात घ्या. तपासाला बाधा येईल अशी माहिती कलम ८(१)(ह) खाली नाकारता येते आणि ते योग्यच आहे. आरोपी, पीडित, शोधाच्या पद्धती, पाळतीवरची खाती यांच्या वाटेला जाऊ नका. पीडित मुलाची ओळख उघड करणं पॉक्सोच्या कलम २३ खाली गुन्हा आहे, आणि छोट्या गावात शाळा व इयत्ता सांगितली तरी ओळख पटते. अर्जाचा काही भाग नाकारला तर कलम १० दाखवून उरलेला मागा. सीबीआयला २०११ पासून या कायद्यातून बहुतांशी सूट आहे, तिथे अर्ज करून वेळ दवडू नका. एनसीआरबीला मात्र विचारता येतं.

चौथा प्रश्न 'सुरक्षेच्या कारणास्तव' नाकारला जाण्याची शक्यता दाट. तसं झालं तर सॉफ्टवेअरचं नाव वगळून फक्त तारखा द्या असं अपिलात लिहा.

पायरी ७ : ठाण्यात जा

कागद हातात आल्यावर जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्याची वेळ घ्या. आधी नाही. हातात आकडे घेऊन आलेल्या माणसाशी अधिकारी वेगळं बोलतात, बरेचदा मोकळेपणाने, कारण त्यांचीही तक्रार तीच असते. चढ्या आवाजात जाब विचारायला जाऊ नका. टिपलाइनच्या सूचना सरासरी किती दिवसांत उघडल्या जातात, ते काम करणारी माणसं किती, त्यांना बंदोबस्ताला किती वेळा पाठवलं जातं, गणपती आणि निवडणुकीत ती खुर्ची रिकामी असते का, जप्त मोबाइल न्यायवैद्यक तपासणीच्या रांगेत किती महिने असतो, हे विचारा. दिवसभर असं साहित्य पाहावं लागणाऱ्या कर्मचाऱ्याला समुपदेशन मिळतं का, हेही विचारा. त्या खर्चाचं लेखाशीर्ष तुम्हाला कुठल्या जीआरमध्ये दिसलं का ते आठवून बघा.

माहिती अधिकाराचं उत्तर ३० दिवसांत आलं नाही, किंवा आलेल्या उत्तरात नुसतं 'माहिती निरंक' असं असेल, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा, आणि तिथेही समाधान झालं नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. अर्जाची पोच, टपालाची पावती आणि प्रत्येक तारीख वहीत असू द्या. सुनावणीत पहिला प्रश्न त्याच तारखांचा असतो.